तंबूला कुलूप नसतं, मग पाटल्या आणि डॉलर ठेवायचे कुठे?

प्रश्न असा आलाय. जुळे सोलापूरच्या एक ताई, त्यांचे मिस्टर, कॉलेजात जाणारा मुलगा आणि सासूबाई असे चौघं ऑगस्टमध्ये केनियाला, मसाई मारा बघायला निघालेत. मारात तंबूच्या कॅम्पमध्ये मुक्काम, तीन दिवस सफारी. कॅम्पचे फोटो बघताना ताईंच्या लक्षात आलं की तंबूला दार नाही, नुसती चेन आहे. सकाळ-संध्याकाळ सगळे गाडीत, तंबू रिकामा. मग पासपोर्ट, डॉलर, मुलाचा कॅमेरा आणि सासूबाईंच्या पाटल्या ठेवायच्या कुठे? चेनला लावायला बारकं कुलूप घेऊ का?

ताई, मी सोलापुरातून माणसं जंगलात न्यायला लागलो त्याला 21 वर्षं झाली. नान्नजच्या माळावर काळवीट दाखवण्यापासून सुरुवात, मग ताडोबा, कान्हा, गीर, आणि गेली 11 वर्षं केनिया. एवढ्या वर्षांत माझ्या गटातल्या माणसाची वस्तू कॅम्पमधून खरोखर चोरीला गेली असं तीनदा झालं. हरवलेल्या, विसरलेल्या आणि माकडांनी पळवलेल्या वस्तूंचा हिशेब मी ठेवलेला नाही, ठेवला तर वही भरेल. आणि त्या तीनपैकी एकही चोरी रात्री तंबू फाडून झालेली नाही. तिन्ही दिवसा, उघड्या बॅगेतून.

आधी कुलपाचं सांगतो. घेऊ नका. तंबूच्या चेनला दोन सरकते हूक असतात, ते एकमेकांत अडकवून कुलूप लावता येतं हे खरं. पण चेन म्हणजे काय, प्लॅस्टिकचे दात. बॉलपेनचं टोक मधे खुपसून जोर दिला की दात सुटतात, हात आत जातो, आणि मग कुलपासकट हूक एकदा इकडून तिकडे सरकवले की चेन परत जुळून येते. बघणाऱ्याला काही झालंय हे कळतही नाही. तुमच्या चाकाच्या बॅगेवर घरी करून बघा, जुनी बॅग घ्या. शिवाय 20 तंबूंच्या रांगेत एकाच तंबूला कुलूप लटकत असेल तर माल कुठल्या तंबूत आहे ते तुम्हीच पाटी लावून सांगितल्यासारखं होतं. आणि रात्री आत झोपल्यावर आतून तर कधीच लावू नका. रात्री काही झालं, कोणाच्या छातीत दुखलं, आग लागली, तर अंधारात किल्ली शोधत बसायचं का?

चेन मात्र प्रत्येक वेळी शेवटपर्यंत, दोन्ही हूक खाली जमिनीला टेकेपर्यंत बंद करायची. ते चोरासाठी नाही, माकडासाठी. त्याच्याकडे नंतर येतो.

आता धोका नेमका कुठे असतो ते बघू. मारातले कॅम्प ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक, राखीव जंगलाच्या आत किंवा त्याला लागून असलेल्या मसाई लोकांच्या सामायिक जमिनींवर. तिथे कुंपण नसतं. रात्री हत्ती, पाणघोडे, तरस तंबूच्या कडेने फिरतात. संध्याकाळनंतर तंबूतून जेवणाच्या मंडपापर्यंत जायचं तरी टॉर्च घेतलेला अस्करी, म्हणजे पहारेकरी, सोबत घ्यावा लागतो. अशा ठिकाणी बाहेरचा भुरटा चोर रात्री येणार कसा? त्यालाही जीव आहेच. दुसरा प्रकार म्हणजे सेकेनानी, तालेक या फाटकांच्या आसपासचे स्वस्त कॅम्प. त्यांना कुंपण असतं, फाटकावर माणूस असतो, पण वस्ती लागून असते, सामान पोचवणारे, ड्रायव्हर, इतर गटांचे पर्यटक अशी ये-जा भरपूर असते. तुमचं बजेट बघता तुमचा कॅम्प बहुतेक या दुसऱ्या प्रकारातला असेल. वाईट काही नाही, मीही निम्मे गट तिथेच नेतो. फक्त तिथे तंबूत वस्तू उघडी टाकून जायची नाही.

पण माझं मत विचाराल तर कॅम्पपेक्षा वाट जास्त नडते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये कुर्डुवाडी गेल्यावर सगळे झोपतात, तिथपासून तुमची सफारी सुरू झाली असं धरा. नैरोबीच्या विमानतळाबाहेर गाडीत सामान भरताना जो गोंधळ असतो, कोण कुठली बॅग उचलतोय ते कळत नाही, तिथे हातातली बॅग खाली ठेवायची नाही. नैरोबी ते मारा पाच-सहा तासांचा रस्ता आहे. मधे रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर सगळ्या गाड्या थांबतात, तिथे वस्तूंची दुकानं आहेत; पुढे नारोकला जेवण किंवा डिझेल. माझ्याबरोबरच्या एका गृहस्थांचा मोबाईल नारोकला गेला, आणि तोही असा: गाडीचं छप्पर वर उचललेलं, खिडकी अर्धी उघडी, मोबाईल सीटवर, आणि साहेब दोन मिनिटांत येतो म्हणून लघवीला गेलेले. अशा थांब्यावर चौघांनी एकदम उतरायचं नाही. दोघं जा, दोघं बसा. आणि खिडक्या बंद करायला ड्रायव्हरला सांगायला लाजू नका, तो स्वतःही तेच सांगतो.

पैशांचं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे जास्त रोकड नेणं, आणि ती नेण्याचं मोठं कारण म्हणजे मारात जायची फी. जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढ माणसाला दिवसाला 200 डॉलर पडतात (जानेवारी ते जून 100). तुमचा मुलगा 18 च्या पुढचा आहे असं धरतो. चौघांचे तीन दिवसांचे 2400 डॉलर झाले. एवढी रक्कम पाऊचमध्ये घालून रेल्वे, विमान, गाडी असा प्रवास करण्यात काही अर्थ नाही. टूर कंपनीला ही फी इथूनच भरायला सांगा आणि पावतीवर फी धरली आहे असं स्पष्ट लिहून घ्या. मग अंगावर ठेवायला टिप, पाणी, थोडी खरेदी, अडीअडचण एवढंच उरतं. त्याला चौघांत मिळून चार-पाचशे डॉलर पुरतात, बाकीला फॉरेक्स कार्ड. नोटा बँकेतून घेताना 2009 च्या आधी छापलेल्या, फाटक्या, शाई लागलेल्या घेऊ नका, तिकडे घेत नाहीत. पाच आणि एकच्या नोटा मागून घ्या. कारण असं की टिप द्यायला शंभराची गड्डी चारचौघांत उघडावी लागली की तुमच्याकडे किती आहे ते सगळ्यांना कळलं.

आता चोरी कशी होते ते नीट ऐका, कारण ती सिनेमात दाखवतात तशी होत नाही. माझ्या तीन अनुभवांतले दोन अगदी एकसारखे आहेत. पाकीट जागेवर. पाऊच जागेवर. गड्डीही जागेवर. त्यातल्या दोन नोटा गेलेल्या. घेणाऱ्याला माहीत असतं की सगळं उचललं तर तासाभरात बोंब होते. दोनच काढल्या तर माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो: खर्च केले का, बायकोला दिले का, बँकेनेच कमी दिले का. कळेपर्यंत तो दोन मुक्काम पुढे गेलेला असतो. म्हणून लपवण्यापेक्षा मोजणं जास्त कामाचं. रोज रात्री झोपताना मोजा आणि आकडा मोबाईलमध्ये लिहा. आमच्याकडे एक पद्धत आहे: जास्तीची रोकड पाकिटात घालायची, पाकीट चिकटवायचं, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करायची, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी. बाहेर रक्कम लिहायची नाही. ते पाकीट कॅम्पच्या ऑफिसात मॅनेजरच्या तिजोरीत द्यायचं आणि साध्या कागदावर का होईना, पोच घ्यायची. मॅनेजरलाही असं पाकीट बरं वाटतं. आत किती होतं यावर उद्या वाद नको, हे त्यालाही हवंच असतं.

तंबूतल्या छोट्या आकड्यांच्या तिजोरीबद्दल बऱ्याच जणांना फार भरवसा असतो. ती असेल तर वापरा, नसण्यापेक्षा बरी. पण तीन गोष्टी बघून. एक, हाताने हलवून बघा. कपाटाला बोल्टने आवळलेली नसेल तर ती तिजोरी नाही, न्यायला सोपं पडावं म्हणून एका जागी केलेलं गाठोडं आहे. दोन, दार उघडं ठेवून आकडा लावा, बोल्ट बाहेर येतो-आत जातो का बघा, मगच वस्तू ठेवून दार लावा. जंगलात बॅटरी संपलेली तिजोरी उघडायला माणूस दुसऱ्या दिवशी येतो आणि तोवर तुमचं विमान जातं. तीन, पाहुणा आकडा विसरला तर उघडण्यासाठी या तिजोऱ्यांना एक वरचा आकडा किंवा किल्ली असतेच, आणि ती कॅम्पकडे असते. म्हणजे ती बाहेरच्यापासून राखते, आतल्यापासून नाही. काही कॅम्पमध्ये तिजोरीऐवजी पलंगाच्या पायाला साखळीने बांधलेली पत्र्याची पेटी असते. ती मला जास्त आवडते, कारण तिला कुलूप आपलं लावता येतं. कुलूप न्यायचंच असेल तर या पेटीसाठी न्या.

बाकी अंगावर. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर चालणारी म्हातारी पैसे कनवटीला लावते, ती काही वेडी नसते. लाखांच्या गर्दीतून जाऊन येते, पैसे जिथल्या तिथे. दुकानात मिळणारे कमरेचे पट्टे मला विशेष आवडत नाहीत, घाम येतो, आणि पैसे काढताना सदरा वर करावा लागतो, म्हणजे सगळ्यांना दाखवूनच काढायचे. त्यापेक्षा तुमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे जा आणि चोरखिसे शिवून घ्या. मिस्टरांच्या आणि मुलाच्या पँटला आतून, कमरेच्या पट्टीखाली, पासपोर्ट मावेल एवढा एक, वर चेन. सासूबाईंच्या परकराला नाडीजवळ एक. तुमच्या कुर्त्याला आतून. कापड सुती लावा. पाऊस-घाम असतो म्हणून पासपोर्ट आधी प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटात घाला, पण साधी कॅरीबॅग नको. केनियाने 2017 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी घातलीय आणि ती बंदी कागदावरची नाही. जाताजाता एक: कॅम्पमध्ये कपडे धुवायला देतात तेव्हा चोरखिसे चाचपून द्या. शंभराची नोट स्वच्छ धुऊन, घडी करून परत आल्याचं मी बघितलंय, नशीब त्यांचं. आतले कपडे बऱ्याच कॅम्पमध्ये धुवायला घेत नाहीत, म्हणून तिथे कोणी खिसा शिवला असेल तर तो आपला आपणच सांभाळायचा.

सासूबाईंच्या पाटल्या. ताई, हा चोरीचा प्रश्न नाही, घरातला प्रश्न आहे, आणि तो तुम्ही माझ्यावर ढकलताय हे मला कळतंय. तरी सांगतो. सोनं नेऊ नका. मारात ते कोणाला दाखवायचं? सिंहाला? गाडीच्या दांड्याला धरून उभं राहायचं, धक्के बसतात, पाटलीचा हाताला मार लागतो. मंगळसूत्राच्या जागी एक ग्रॅमवालं किंवा नुसती काळी पोत चालते. पाटल्या 40 वर्षांत निघाल्या नसतील तर सोनाराकडे जा, तो साबण-पाण्याने काढून देईल, नाहीतर कापून परत जोडून देईल. हे त्याचं रोजचं काम आहे. काढल्या की थेट बँकेच्या लॉकरमध्ये. घरातल्या कपाटात नाही, त्याचं कारण शेवटी सांगतो.

आणि सासूबाई ऐकल्याच नाहीत तर? तर पाटल्या हातातच राहू द्या, पूर्ण बाहीचा सैल ब्लाऊज घाला, आणि एक काम करा: मुंबई विमानतळावर निघताना कस्टमकडून त्या दागिन्यांचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. सोनं इथूनच नेलंय याचा तो पुरावा. नाहीतर परत येताना हे तिकडे घेतलं का म्हणून प्रश्न येऊ शकतो. पावत्या आणि फोटो सोबत ठेवा, वेळ दीड तास जास्त धरा. मुलाचा कॅमेरा आणि लेन्स महागाच्या असतील तर त्यांचंही त्याच वेळी करून टाका, सिरियल नंबरसकट. सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे कॅम्पात पोचल्यावर पाटल्या काढून "सुरक्षित" ठेवणं. हातातून काढलेली पाटलीच हरवते.

याचं एक उदाहरण सांगतो, कारण माझ्या 21 वर्षांतली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट तीच आहे. सात-आठ वर्षांपूर्वीचा गट. एक बाई, चांगल्या घरच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी सफारीवरून आल्या आणि बांगड्या नाहीत म्हणाल्या. दोन, सोन्याच्या. रात्री उशाशी ठेवल्या होत्या. तंबूत त्या सकाळी फक्त एक पोरगा गेला होता, पलंग आवरणारा, विशीतला. यजमान तापले, मॅनेजरच्या टेबलावर हात आपटला. मीही गटाचा म्होरक्या म्हणून त्यांच्याच बाजूने बोललो, हे कबूल करतो. कॅम्पने पोराला कामावरून थांबवलं, त्याची खोली उलटीपालटी केली, त्याची पत्र्याची पेटी अंगणात आमच्यासमोर रिकामी केली. दोन शर्ट, एक बायबल, शाळेचा दाखला, चार्जर. तो एका शब्दाने बोलला नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. सोलापुरात आल्यावर तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. थंडी वाजते म्हणून त्यांनी इथून चादर नेली होती, आपली सोलापुरीच. पहाटे उठून घाईत त्यांनीच बांगड्या चादरीच्या टोकाला बांधून चादर बॅगेच्या तळाशी कोंबली होती. बॅगेत तीनदा शोधलं होतं, चादर मात्र कोणी उलगडली नव्हती. मी त्याच संध्याकाळी कॅम्पला मेल केला, सगळं खरं लिहिलं, माफी मागितली. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं की तो मुलगा आता आमच्याकडे काम करत नाही.

तेव्हापासून माझ्या गटात नियम आहे. वस्तू गेली असं वाटलं तर पहिले दोन तास "चोरी" हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. आधी सगळं सामान पलंगावर ओतायचं, प्रत्येक कपडा झटकायचा, बुटात हात घालायचा, उशीच्या अभ्ऱ्यात बघायचं, मग गाडीच्या सीटच्या फटीत, मग जेवणाच्या मंडपात. तरीही सापडली नाही तर मॅनेजरला बाजूला घेऊन शांतपणे सांगायचं: अमुक वस्तू सापडत नाही, मदत करा. नाव कोणाचंही घ्यायचं नाही. गंमत अशी की खरी चोरी असेल तरी हीच पद्धत लागू पडते. मॅनेजर जेवणाआधी सगळ्यांना सांगतो की पाहुण्यांची वस्तू कुठेतरी पडलीय, शोधा. आणि ती कुठल्यातरी झुडपाजवळ "सापडते". माझ्या तिसऱ्या चोरीत दुर्बीण अशीच परत आली.

आता माकडं. वर्व्हेट नावाची काळ्या तोंडाची माकडं आणि बबून हे तिथले खरे सराईत. चेन चार बोटं उघडी राहिली तरी पुरे. त्यांना तुमचे डॉलर नकोत, खायला हवं. पण खाणं ज्या बॅगेत असतं तिच्यातच तुम्ही पासपोर्ट ठेवता. आपली माणसं सोलापुरातून निघताना शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेतल्याशिवाय निघत नाहीत. एका वर्षी एका काकांच्या पाठीवरच्या बॅगेत दोन्ही होतं, वरच्या कप्प्यात, आणि खालच्या कप्प्यात पैशाचं पाकीट. अर्ध्या तासात बबून बॅग घेऊन झाडावर. वरून भाकरीचे तुकडे पडतायत, चटणीचा लाल पाऊस पडतोय, आणि काका खालून चक्क मराठीत त्याला "पाकीट टाक बे" म्हणून ओरडतायत. पाकीट मिळालं, बॅगेचा पट्टा नाही. खाण्याचं सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात घालून कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या, ते आनंदाने ठेवतात आणि जेवताना आणून देतात. मारा नदीच्या काठी गाडीबाहेर डबा खायला थांबतात तिथेही कॅमेरा आणि खाणं एका बॅगेत नको.

मुलाला सांगायचं दोनच गोष्टी. कॅमेरा सफारीत गळ्यात असतो, तो सुरक्षित आहे, धोका चार्जिंगला. बऱ्याच कॅम्पमध्ये वीज सोलरवर किंवा जनरेटरवर, ठरावीक वेळेलाच, आणि चार्जिंगची सोय जेवणाच्या मंडपात एका टेबलावर. तिथे 15 मोबाईल एकावर एक पडलेले असतात, निम्मे काळे, एकसारखे. चोरी राहू द्या, अदलाबदलच जास्त होते. मंडपात फक्त पॉवर बँक लावायची, नाव लिहिलेली चिकटपट्टी लावून. मोबाईल आणि कॅमेरा रात्री तंबूत पॉवर बँकेवरून. केनियातला प्लग तीन चपट्या पायांचा असतो, आपला बसत नाही, अडॅप्टर इथूनच न्या, नाहीतर दुसऱ्याचा मागताना आपला मोबाईल त्याच्या वायरीला सोडून यावं लागतं. दुसरी गोष्ट, रोज रात्री फोटो दुसऱ्या कार्डवर उतरवायचे आणि ते कार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेत नाही, आईच्या चोरखिशात. कॅमेरा विम्यातून मिळेल कदाचित, चित्त्याचा फोटो नाही मिळणार. (ताडोबाला जाल तेव्हा उलटं असतं: तिथे सफारीत मोबाईल नेऊ देत नाहीत, तो खोलीवर सोडावा लागतो. घरून एक छोटी बॅग न्या, चौघांचे मोबाईल एकत्र त्यात, बॅग रिसेप्शनला.)

कागदपत्रांत लोक पासपोर्टला जपतात आणि एक पिवळं कार्ड विसरतात. यलो फिव्हरची लस घेतल्याचं कार्ड. केनियातून परत येताना आपल्याच विमानतळावर ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवा. पासपोर्टची पहिली-शेवटची पानं, ई-टीए म्हणजे प्रवेशाची ऑनलाइन परवानगी, विमा, हे कार्ड, सगळ्याचे फोटो चौघांच्या मोबाईलमध्ये आणि एक छापील संच तुमचा-सासूबाईंचा अदलाबदल करून: त्यांचे कागद तुमच्याकडे, तुमचे त्यांच्याकडे.

एवढं करून गेलंच काही, तर कॅम्पच्या मॅनेजरकडून लेखी घ्या आणि पोलिसांकडे नोंद करा. तिथे नोंदीचा जो कागद मिळतो त्याला पोलीस ॲब्स्ट्रॅक्ट म्हणतात, तो मागून घ्यायचा. तक्रार घेतली असं तोंडी सांगितलेलं चालत नाही. आणीबाणीचा नंबर 999 किंवा 112. पासपोर्ट गेला असेल तर तो कागद घेऊन नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयात, तिथे परत येण्यापुरता आपत्कालीन दाखला मिळतो. विम्याचं आजच बघून ठेवा: बऱ्याच पॉलिसीत पासपोर्ट हरवण्याचा आणि विमान कंपनीने सामान हरवण्याचा खर्च मिळतो, पण रोकड, दागिने आणि कुणी सोबत नसताना ठेवलेल्या वस्तू वगळलेल्या असतात. मोबाईल गेला तर आधी सिम बंद, मग बँकेची ॲप. आयएमईआय नंबर *#06# दाबून आजच लिहून ठेवा.

आता घर. तुम्ही नऊ-दहा दिवस जुळे सोलापूरचं घर बंद ठेवून जाणार, आणि मला खात्री आहे, मुलगा मुंबई विमानतळावरूनच स्टेटस टाकणार: "ऑफ टू केनिया", चौघं हसतायत. खरं सांगू, मला तुमच्या तंबूपेक्षा या स्टेटसची जास्त भीती वाटते. तंबूत तुमचे चारशे डॉलर. घरात कपाट. फोटो परत आल्यावर टाका, सिंह काही शिळा होत नाही. पेपरवाल्याला, दूधवाल्याला बंद सांगा, दारात पेपर साचले की कुणालाही कळतं. शेजाऱ्यांना संध्याकाळी बाहेरचा दिवा लावायला सांगा. जवळच्या पोलीस ठाण्यात घर बंद असल्याचं कळवून ठेवलं तर उत्तमच. सोनं लॉकरमध्ये म्हटलं ते यासाठी.

किल्लीचं एक राहिलं. घराची किल्ली सोबत नेऊ नका, भावाकडे किंवा शेजारी द्या. एका वर्षी मी पासपोर्ट, डॉलर, घराची किल्ली सगळं तंबूतल्या तिजोरीत ठेवलं आणि निघताना पासपोर्ट-डॉलर घेतले, किल्ली मागच्या कोपऱ्यात सरकली होती ती दिसली नाही. तेव्हापासून तिजोरी वापरली तर मी माझा एक बूट तिच्यात ठेवतो. अनवाणी माणूस तिजोरी नीट रिकामी केल्याशिवाय निघू शकत नाही. पण त्या वर्षी बूट पायातच होते. सकाळी सिद्धेश्वरने उतरलो, रिक्षाने घरी आलो, खिसे चाचपले, आणि मग तासाभराने कुलूपवाला बोलावून स्वतःच्याच घराचं कुलूप फोडत उभा होतो. समोरचे काका गॅलरीतून चहा पीत बघत होते. म्हणाले, "काय ओ, चोरी झाली का?"